चासकरांची खिंड

रस्ता व्हावा ही मूळ कल्पना भाऊसाहेब चासकरांची होती, एवढं सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पुढं ही हकिगत इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितली, की तिच्यात भाऊसाहेब कधी शेवटी येत, कधी मधेच डोकावून जात आणि बऱ्याचदा येतच नसत.

भाऊसाहेब, म्हणजे हौशीराम चासकर, मूळचे महाळुंगे पडवळचे. नोकरी नारायणगावात, एका हायस्कुलात हेडक्लार्क. शाळेतल्या क्लार्कला आपल्याकडं सगळेच भाऊसाहेब म्हणतात. पण हे गृहस्थ त्या हाकेला नुसती ओ देत नसत, ती पदवी दिल्यासारखी स्वीकारत. वारूळवाडीच्या अंगाला पाटाच्या चारीच्या, म्हणजे शेतांना पाणी नेणाऱ्या पोटकालव्याच्या, कडेनं सात घरांची एक ओळ उभी राहिली होती. तीत पाचवं घर त्यांचं. सहावं भंवरलालजींचं.

भंवरलालजींचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, पण भंवरलालजी इथल्याच धुळीत लोळून मोठे झाले. मारवाडी त्यांना लग्नातल्या गाण्यांपुरती येई. माणूस ठेंगणा, गोल आणि हसरा. त्यांनी कुणाचं काही वाईट केलं नव्हतं आणि भाऊसाहेबांची तक्रार नेमकी तीच होती. निदान एखादी खोडी असती, तर मन जरा मोकळं झालं असतं.

आता गॅसचंच घ्या. चारीच्या कडेची गल्ली बारा फुटांची आणि पुढं बंद. गॅसची गाडी आत येत नसे, गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हॉर्न देई. हॉर्न वाजला की सगळ्यांनी धावायचं. भाऊसाहेब लुनाच्या पुढच्या जागेत सिलिंडर उभा करून, त्याला दोन्ही गुडघ्यांनी आवळून घरी आणत. आणि भंवरलालजी नुसते ओट्यावर आले, की गाडीवाला लांबूनच ओरडे, "शेठ, तुमी कशाला आलात? आलोच मी!" आणि सिलिंडर खांद्यावर टाकून चालत येई. वर शेठाणी कस्तुरबाईंच्या हातचा चहा पिऊन जाई. चहा भाऊसाहेबांकडंही होता. त्यांच्याकडं कुणी खांद्यावरून काही आणतच नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली एका सोमवारी भाऊसाहेब लुना आणि सिलिंडरासकट चारीत पडले. चारीला पाणी होतं गुडघाभर. भंवरलालजींनी ते पाहिलं आणि होते तसे, घड्याळ-चष्म्यासकट, त्यांनी पाण्यात उडी टाकली. भाऊसाहेबांना बाहेर काढलं, आपल्या टॉवेलनं त्यांचं डोकं पुसलं. पुढं आठवडाभर सगळी गल्ली शेठ कसे पाण्यात उतरले, त्यांचं घड्याळ कसं बंद पडलं, हेच बोलत होती. पडलं कोण होतं, हे कुणी विचारेना.

पायाला पट्टी बांधून खाटेवर पडल्या पडल्या भाऊसाहेबांनी ठरवलं, की आता रस्ताच करायचा.

कल्पना खरोखर चांगली होती. गल्ली पुढं जाऊन बाभळींत संपत होती आणि बाभळींच्या पलीकडं हजारभर फुटांवर जुन्नरचा रस्ता होता. तेवढ्यापायी साऱ्या वस्तीला बाजारातून वळसा पडे. बाभळी तोडून गल्ली जुन्नर रस्त्याला जोडली आणि बाराची सोळा फूट केली, की गॅसची गाडी, दवाखान्याची गाडी, पाहुण्यांची जीप, सगळं दारात येणार होतं. चारीच्या बाजूला हात लावता येत नव्हता. म्हणजे सातही घरांनी आपापल्या कुंपणातले चार-चार फूट द्यायचे, बस्स.

भाऊसाहेबांनी अर्ज लिहिला. अकरा पानी. त्यात विषय होता, संदर्भ होता, प्रस्तावना होती आणि 'वस्तीचा ऐतिहासिक आढावा' असं एक प्रकरण होतं. वस्ती नऊ वर्षांची होती. सरपंच गेणभाऊंनी तो अर्ज हातावर तोलून पाहिला.

"भाऊसाहेब, ह्यात रस्ता कितव्या पानाव हाय?"

"सातव्या."

"मग आधीच्या सहात काय झालं?"

"पार्श्वभूमी."

"बरं बरं," गेणभाऊ म्हणाले. "लई मेहनत घेतली राव. आता समिती करा, तुमीच सचिव व्हा आन् तुमीच धावपळ करा."

सचिव झाल्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. पहिल्या घरातले निवृत्त ड्रिलमास्तर म्हणाले, करायचाच तर चाळीस फुटी करा, उद्या विमान उतरवायचं म्हटलं तर? तिसऱ्या घरातल्या कुशाबाईंचं म्हणणं होतं, की रस्ता पाहिजेच, पण त्यांची म्हैस बिचकते, तेव्हा रस्ता म्हशीला आधी दाखवून मग करावा. दुसऱ्या घरातल्यांनी सुचवलं, आधी स्पीडब्रेकर टाकून घ्यावेत, रस्ता मागाहून होत राहील. भाऊसाहेबांनी हे सारं टिपून घेतलं. हेडक्लार्क माणूस; समोर बोललं गेलेलं न टिपता राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

मग कचेऱ्यांच्या खेपा. जुन्नरला भाऊसाहेब चौदा वेळा गेले. प्रत्येक वेळी टेबल तेच, पण माणूस दुसरा. मोजणीच्या दिवशी तर कहर झाला. ज्यानं पूर्वी इथले प्लॉट पाडले होते, त्या गृहस्थानं काढून घेतलेल्या नकाशात चारीच्या जागी गल्ली आणि गल्लीच्या जागी चारी दाखवलेली निघाली. मोजणीदार साखळी खाली ठेवून म्हणाला,

"कागदावर बघितलं, तर तुमी लोकं नऊ वर्षं पाण्यातनं चालताय."

"आणि हे पाणी?" भाऊसाहेबांनी चारीकडं बोट दाखवलं.

"ते रस्त्यावनं वाहतंय. बेकायदा."

ही चूक दुरुस्त करायला साडेचार महिने लागले. भाऊसाहेबांनी शाळेतल्या सगळ्या किरकोळ रजा त्यात घातल्या, एक चप्पल झिजवली आणि अखेर एका गुरुवारी पाणी पाण्यात आणि रस्ता रस्त्यात आणला. त्या दिवशी घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "आरती, हे काम दुसऱ्या कुणाच्यानं झालं नसतं."

"खरं आहे," आरतीबाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या होत्या. नवरा चौदा खेपांत किती वाळला, हे त्यांच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

आता उरली होती एकच गोष्ट. सातही घरांनी चार फूट द्यायला कबूल होणं. त्यासाठी गेणभाऊंच्या अध्यक्षतेखाली मारुतीच्या पारावर सभा बोलावली. भाऊसाहेब आठ दिवस भाषण लिहीत होते. लोक जागा सहजासहजी द्यायचे नाहीत, हे गृहीत धरून त्यांनी आधी विनंती, मग कळकळ, मग कायदा आणि शेवटी डोळ्यांत पाणी, अशी मांडणी केली होती.

ते विनंतीवरच होते, तेवढ्यात भंवरलालजी आले. दुकान बंद करून येताना उशीर झाला म्हणून सगळ्यांना हात जोडत ते कडेला बसले आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "काय चाललंय?"

"रस्त्याला चार-चार फूट मागतायत."

"मग घ्या की!" भंवरलालजी मोठ्यानं म्हणाले. "माझी भिंत मी उद्याच काढतो. चार फुटांत काय, चार कुंड्या हलतील."

मग टाळ्या. कुशाबाई उठून म्हणाल्या, "शेठ देत्यात, तर मी काय मागं राहू व्हय?" ड्रिलमास्तरांनी पाच फूट जाहीर केले. दोन मिनिटांत सहा घरं मोकळी झाली. भाऊसाहेब कळकळीचं पान हातात धरून उभेच. कायदा आणि डोळ्यांतलं पाणी तसंच राहून गेलं.

"भाऊसाहेब, तुमचं तर हायेच," गेणभाऊ म्हणाले आणि सभा संपली. म्हणजे पाचव्या घराला कुणी विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात पानवाल्यानं त्यांना थांबवलं. "काय भाऊसाहेब, शेठनी रस्ता आणला म्हणं तुमच्याकडं!"

"शेठनी?"

"एका बोलण्यात. लई दिलदार माणूस."

भाऊसाहेबांनी पान न खाताच घर गाठलं. आरतीबाई भाजी निवडत होत्या.

"ऐकलंत का," त्या म्हणाल्या, "भंवरलालजींनी खरंच भिंत काढायला घेतली. मन मोठं आहे बाई त्यांचं."

"आणि माझं?"

"तुमचं काय?"

"मन."

आरतीबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवून त्यांच्याकडं नीट पाहिलं. "आहे की तुमचंही," त्या म्हणाल्या. पण तो मधला क्षण भाऊसाहेबांना फार लांब वाटला.

तरीही ते गप्प राहिले असते. घात झाला तो नारळामुळं.

कामाच्या मुहूर्ताला मंडप घातला होता. गेणभाऊंनी नारळ भंवरलालजींच्या हाती दिला. भंवरलालजी तो घेऊन थेट भाऊसाहेबांपुढं आले. "हा मान तुमचा. सगळी धावपळ तुमची."

भाऊसाहेबांच्या छातीत काहीतरी फुललं. पण चारचौघांत पहिल्या बोलावण्याला पुढं होणं बरं दिसत नाही. ते म्हणाले, "छे छे, तुम्हीच फोडा."

"नाही नाही, तुम्हीच."

"नको हो, तुम्हीच."

आता तिसऱ्यांदा आग्रह झाला, की घ्यायचा, म्हणून भाऊसाहेबांनी शर्टाच्या बाह्या किंचित सरसावल्या. तेवढ्यात गेणभाऊ मागून ओरडले, "शेठ, फोडा आता! ते नको म्हणत्यात, तर मुहूर्त जातोय!" आणि भंवरलालजींनी बिचाऱ्यांनी नारळ फोडला. एका फटक्यात, बरोबर मधोमध. फोटो निघाला. फोटोत भाऊसाहेब होते. बाही सरसावलेला एक हात दिसत होता.

"तिसऱ्यांदा विचारायला नको?" घरी आल्यावर ते आरतीबाईंना म्हणाले.

"पहिल्यांदा घ्यायला काय झालं होतं?"

त्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर भाऊसाहेबांनी कोरा कागद घेतला आणि हरकत अर्ज लिहिला. 'सदर रस्त्यासाठी माझ्या कुंपणाची जागा घेण्यास माझी सक्त हरकत असून…' अर्ज दीड पानाचा झाला. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात परिणामकारक अर्ज. सोमवारी त्यांनी तो ग्रामपंचायतीत दिला आणि पोच घेतली.

ग्रामसेवक नियमानं चालणारा होता. रस्त्याबाबत आलेला प्रत्येक कागद समितीच्या सचिवाकडं अभिप्रायासाठी पाठवायचा असा ठराव होता. आठ दिवसांनी शिपाई भाऊसाहेबांचा अर्ज भाऊसाहेबांकडंच घेऊन आला.

दुसरा कुणी असता तर इथं हसला असता. भाऊसाहेबांनी चष्मा लावला. सचिव ह्या नात्यानं त्यांनी चासकर ह्यांचा अर्ज दोनदा वाचला. मग अभिप्राय लिहिला: 'अर्जदार हे वस्तीतील जबाबदार गृहस्थ असून त्यांनी हरकत घेतली त्याअर्थी त्यांचे मन दुखावले असावे. त्याची वेळीच दखल घेतली जावी.' सही करण्याआधी त्यांनी तो पुन्हा एकदा वाचून पाहिला. आपल्याबद्दल इतकं समजून घेऊन कुणी लिहिलेलं त्यांनी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

दखल कुणी घेतली नाही. गेणभाऊ मात्र स्वतः आले.

"भाऊसाहेब, रस्ता तुमचा, फाइल तुमची, आन् आडवं बी तुमीच?"

"माझ्या जागेचा प्रश्न आहे."

"सगळ्यांनी दिली की."

"त्यांना विचारलं होतं," भाऊसाहेब म्हणाले. "मला विचारलंत?"

"मग आता विचारतो. देता का?"

इथं एक शब्द पुरला असता. पण तेवढ्यात कुंपणापलीकडून भंवरलालजी डोकावले आणि काकुळतीनं म्हणाले, "भाऊसाहेब, माझ्याकडून काही चुकलं असेल तर सांगा. तुमच्या वाटणीचे चार फूट माझ्याच अंगणातून जास्त घ्या. पण तुमचं मन मोडू नका."

झालं. जो माणूस चार फूट देऊन मोठा झाला होता, तो आता आठ द्यायला निघाला होता. भाऊसाहेबांचा आवाज चढला. "द्यायचे नाहीत म्हणजे नाहीत! अर्धा इंचसुद्धा नाही!"

आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. आरतीबाई त्यानंतर अकरा दिवस बोलल्या नाहीत. जेवण वेळेवर वाढत, पण वाढताना भिंतीकडं बघत.

ठेकेदार थांबायला तयार नव्हता. त्यानं बाभळी तोडल्या, खडी अंथरली, रोलर फिरवला. सहा घरांपुढं सोळा फूट रुंद काळाभोर रस्ता झाला आणि पाचव्या घराशी येऊन तो एकदम बाराचा झाला. भाऊसाहेबांची भिंत तेवढी चार फूट पुढं उभी राहिली. दोन गाड्या समोरासमोर आल्या, की एकीनं थांबायचं. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्या चिंचोळ्या जागेचं नाव 'चासकरांची खिंड' असं पाडलं.

रस्ता झाला आणि जुन्नर रस्त्याची निम्मी वर्दळ इकडं वळली. टोमॅटोच्या पिकअप, उसाचे ट्रॅक्टर, जीपगाड्या, सगळं खिंडीत येऊन अडे. अडलेला माणूस करणार काय? भाऊसाहेबांच्या पुढच्या खोलीत बघे. भाऊसाहेब दाढी करत असले, की ट्रॅक्टरवरून आवाज येई, "रामराम भाऊसाहेब! डाव्या गालाला ऱ्हायलंय बगा!" एकदा लग्नाची वरात अडली. घोडा पुढं जाईना, बँड मागं सरेना; नवरदेवाला तहान लागली म्हणून आरतीबाईंनी खिडकीतून तांब्या दिला. भिंतीचे कोपरे तर महिन्याला एक याप्रमाणं जात. भाऊसाहेब सिमेंट कालवून ते स्वतः लिंपत, आणि लिंपताना शेजारी पाहत. भंवरलालजींच्या पुढं रस्ता कसा ऐसपैस! गॅसची गाडी तिथं थाटात उभी राही. भाऊसाहेबांचा सिलिंडर तिथून पुन्हा लुनावरच यायचा, कारण खिंडीत गाडी थांबवायला मनाई होती. तो ठराव सचिवांनीच लिहिला होता.

दीड वर्षानं भाऊसाहेब वितळले. एका पावसाळी संध्याकाळी दवाखान्यात निघालेली गाडी खिंडीत पाच मिनिटं अडकली. आत कुशाबाई होत्या, पाय मोडलेल्या. त्या खिडकीतून रागानं काही बोलल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊसाहेब, हुईल वाट मोकळी." रात्रीच्या जेवणाला भाऊसाहेबांना घास गेला नाही.

पारावर पुन्हा वस्तीची सभा भरली, तीत ते उभे राहिले. कागद नव्हता. म्हणाले, "माझं चुकलं. भिंत काढतो. चार फूट घ्या."

आरतीबाई बायकांत बसल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आता टाळ्या पडणार, एवढ्यात भंवरलालजी उठले.

"माझी एक विनंती आहे," ते म्हणाले. "भिंत काढू नये. गेल्या दीड वर्षात ह्या रस्त्यावर एक अपघात नाही. का? खिंडीपाशी प्रत्येक गाडी हळू होते. शाळेची पोरं तिथूनच रस्ता ओलांडतात. दवाखान्याच्या गाडीला आधी सोडायचं, असा नियम करू. पण भिंत राहू द्या. लोक आज भाऊसाहेबांना नावं ठेवतात. मला वाटतं, त्यांनी लांबचं बघितलं होतं."

टाळ्यांनी पार दणाणला. "शेठ, काय बरुबर बोललात!" गेणभाऊ म्हणाले. "हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं." भिंत ठेवावी असा ठराव एकमतानं झाला. त्याच्या बाजूनं सहा हात आधी वर झाले आणि मग, सगळे आपल्याकडं बघतायत हे पाहून, सातवा भाऊसाहेबांचा. चुकीची कबुली देण्याचा एवढा मोठा प्रसंग आयुष्यात आला, तोही शेजारच्यांनी नेला.

ह्याला चार-पाच वर्षं झाली. दोन हजार चार की पाच साल असेल. भाऊसाहेब आणि भंवरलालजी एकदा जुन्नरहून जीपमधून परतत होते. शेजारी येडगावचा एक म्हातारा बसला होता. गाडी त्या रस्त्याला वळली, तसा म्हातारा आपल्या सुनेला सांगू लागला,

"ही म्होरं दिसती ना, ती चासकरांची खिंड. लई मोठा माणूस व्हता चासकर. रस्त्यासाठी समदी जमीन दिऊन टाकली, निस्ती घरापुरती ठिवली. म्हून नाव दिलंय."

भाऊसाहेबांच्या अंगावर रोमांच आले. फक्त 'व्हता' हा शब्द जरा खुपला. ते काही बोलणार, तोच भंवरलालजी आनंदानं पुढं वाकले. "व्हता नाही, पावणं, आहेत! हे काय, तुमच्या शेजारी बसलेत."

म्हाताऱ्यानं चालत्या जीपमध्ये वाकून भाऊसाहेबांच्या पायाला हात लावला. सुनेनंही पदर सावरून नमस्कार केला. सगळी जीप भाऊसाहेबांकडं पाहू लागली. इतकी वर्षं जे हवं होतं, ते अखेर मिळालं होतं, आणि ते भंवरलालजींनी मिळवून दिलं होतं.

"खोटं आहे ते," ते एकदम म्हणाले. "जागा ह्यांनी दिली. बाकीच्या पाच घरांनीही दिली. मी दिली नाही. मी भांडून अडवली. ती खिंड म्हणजे माझा आडमुठेपणा आहे, दुसरं काही नाही."

ड्रायव्हरनंसुद्धा मान वळवून पाहिलं. मग म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली.

"बगितलं का सूनबाई? मोठी मान्सं ही आशी. आपलं श्रेय बी दुसऱ्याच्या पदरात घालत्यात!"

"धन्य आहे!" मागून कुणीतरी म्हणालं.

आयुष्यात प्रथमच, भंवरलालजी शेजारी बसलेले असताना कौतुक भाऊसाहेबांचं चाललं होतं. भाऊसाहेबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून हळूच शेजारी पाहिलं. आता तरी तिथं काहीतरी दिसेल. एखादी आठी, ओठांची किंचित मुरड, निदान खिडकीबाहेर वळलेली नजर. भंवरलालजी खिशातून रुमाल काढून डोळे पुसत होते. चेहरा आनंदानं नुसता उजळला होता.

"मी म्हणत नव्हतो?" ते शेजारच्या बाईंना सांगत होते. "सोन्यासारखा माणूस आहे!"

भाऊसाहेबांनी मान फिरवली. ह्या माणसाला साधा हेवासुद्धा करता येत नाही, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं. आणि त्याला किती गाढ झोप लागत असेल, ह्या विचारानं ते पुन्हा जळू लागले.